पान, कागद आणि गाळणी : खंडाळ्याच्या टपरीपासून विजापूरच्या दरबारापर्यंत

१/ मंडळी, आजचा धागा एका पानटपरीपासून सुरू होतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढण्याआधी जे खंडाळा लागते, तेथील ही टपरी. काउंटरवर गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्यांशेजारी रंगीत पाकिटांची एक माळ टांगलेली होती. कोणावर स्ट्रॉबेरीचे चित्र, कोणावर आंब्याचे, कोणावर पुदिन्याचे. लहान मूल बोट दाखवून मागेल अशीच ती पाकिटे. आत मात्र गोळ्या नव्हत्या. होता तो तंबाखू गुंडाळण्याचा सुगंधी कागद. शेजारीच पुठ्ठ्याचे 'फिल्टर' आणि गुंडाळून ठेवलेले रिकामे शंकूही होते.

२/ गुंडाळी, चव आणि गाळणी. धूम्रपानाच्या बाजारात आज जे काही नवे म्हणून विकले जाते, ते बहुतांशी या तीन गोष्टींभोवती फिरते. कोणता कागद पातळ, कोणता सावकाश जळतो, कोणती गाळणी धूर 'सौम्य' करते, याच्या तुलना तरुण मुले तासन् तास ऐकतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटले, ही तुलना जरा मागे नेऊन पाहावी. आपल्या प्रदेशात ती किमान चारशे वर्षे चालू आहे.

३/ आधी एक खुलासा. हे लोणावळ्याशेजारचे खंडाळा नव्हे. हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. उत्तरेला नीरा, तिच्या काठी शिरवळ, दक्षिणेला खंबाटकी. छत्रपतींची राजधानी साताऱ्यास आणि पेशव्यांचा कारभार पुण्यास, अशा काळात या वाटेवर सतत राबता असे. आजचा पुणे-बंगळूर महामार्गही येथूनच जातो. हा रस्ता लक्षात ठेवा. धाग्यात तो पुन्हा येणार आहे.

४/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. शिरवळला आदिलशाही ठाणे होते. उत्तर हिंदुस्थानच्या दरबारात तंबाखू पोहोचल्याची जी प्रसिद्ध नोंद आहे, तीही विजापूरचीच. शाहजादा दानियाल याच्या विवाहासंबंधी अकबराचा वकील म्हणून असद बेग तेथे गेला होता. त्याला तेथे तंबाखू दिसला. ही वस्तू आपण हिंदुस्थानात पूर्वी पाहिली नव्हती, असे तो लिहितो. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेले हे पान पश्चिम किनाऱ्यावरून दख्खनेत आधीच रुजले होते.

५/ असद बेगने तंबाखू आणि रत्नजडित साजाचा हुक्का अकबरापुढे ठेवला. साल साधारण १६०४-०५. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही नाही, तेव्हा ती बादशहाने घेऊ नये. असद बेगचे उत्तर साधारण असे की, फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांनी ती पारखूनच स्वीकारली असेल. अकबराने पुढे सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. नव्या वस्तूचा नवेपणा हाच तिच्या निर्धोकपणाचा पुरावा मानण्याची रीत इतकी जुनी आहे.

६/ गंमत पाहा, त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या विरोधात एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १६१७ मध्ये जहांगीरनेही तंबाखूवर बंदी घातल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. ना लंडनला सवय सुटली, ना आग्र्याला. हकीम, राजा आणि बादशहा तिघेही हरले. कशामुळे? उत्तराचा एक भाग तंबाखूच्या नशेत आहे. दुसरा भाग तो कसा गुंडाळला, कसा गाळला आणि कसा गोड केला, यात आहे.

७/ येथे एका लोकप्रिय कथेकडे पाहू. हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला. धूर पाण्यातून गेला की निरुपद्रवी होतो, अशी त्याची कल्पना होती, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. पण हा हकीम १५८९ मध्ये वारला. असद बेगने दरबारात तंबाखू आणला तो पंधरा वर्षांनी. कथा आणि कालगणना जुळत नाहीत. तरीही ती टिकली, कारण तिच्यात एक हवेसे वाटणारे आश्वासन आहे : वैद्याने युक्ती काढली, आता भय नाही.

८/ पाण्याने होते काय? धूर थंड होतो, घशाला कमी टोचतो. कार्बन मोनॉक्साइड, निकोटीन आणि कर्करोगास कारण होणारी अनेक द्रव्ये मात्र पुढे जातातच. शिवाय धूर मऊ लागल्यामुळे माणूस तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. मराठीत हुक्क्याला 'गुडगुडी' म्हणतात. हे नाव पाण्याच्या आवाजावरून पडले. दिवाणखान्यात प्रतिष्ठा मिळाली ती त्या आवाजाला आणि नक्षीला. फुप्फुसांना त्यातून काही मिळाले नाही.

९/ गुडगुडी श्रीमंतांची. गावातली वस्तू म्हणजे चिलीम. कुंभाराच्या आव्यात भाजलेली मातीची नळी. हिला गुंडाळी लागत नाही, गाळणी मात्र लागते, आणि तीही दोन थरांची. आत एक लहान खडा, म्हणजे जळता तंबाखू खाली घसरत नाही. तोंडाशी ओल्या फडक्याची पट्टी, तिला म्हणतात 'छापी'. आजच्या 'फिल्टर टिप'चे सारे काम खडा आणि छापी करीत. राख व निखारा तोंडात येऊ नये, ओठ भाजू नये, एवढाच त्यांचा हेतू. विष गाळण्याचा दावा कोणत्याही कुंभाराने कधी केला नाही. या प्रामाणिकपणाचे महत्त्व पुढे कळेल.

१०/ आता गुंडाळीकडे येऊ. 'विडी' या शब्दातच तिचा इतिहास दडलेला आहे. संस्कृतातील 'वीटिका' म्हणजे नागवेलीच्या पानाची गुंडाळी. तिच्यापासून आपला 'विडा'. विडा म्हणजे मान, निमंत्रण, पैजेचा स्वीकार. विड्याचे लहान रूप ते विडी. 'चिरूट' हा शब्द तमिळमधील 'सुरुट्टु'वरून आला, त्याचाही अर्थ गुंडाळलेले. पान गुंडाळून तोंडात धरण्याची सवय येथे आधीपासून होती. तंबाखू परका होता, पण त्याचे वेष्टण ओळखीचे निघाले.

११/ कोणते पान? माझ्या आजोबांच्या चंचीत सुपारी, चुन्याची डबी, चकमक आणि सुकवलेली आपट्याची पाने असत. दसऱ्याला सोने म्हणून वाटतो तोच आपटा. त्याचे जोडपान मधोमध फाडले की एका विडीपुरते वेष्टण मिळे. पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत आपट्याच्या पानाची विडी पूर्वीपासून वळली जाई. सकाळी शेताच्या बांधावर बसून एक विडी वळायला त्यांना अर्धे मिनिटही लागत नसे. रात्री त्यांना खोकला येई, तो मात्र पहाटेपर्यंत थांबत नसे.

१२/ आपट्याला मागे टाकले ते टेंभुर्णीने. विदर्भात आणि मध्य प्रदेशात तिला तेंदू म्हणतात. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर गुजरातेतील काही कुटुंबे जबलपूरच्या बाजूला गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील जंगलातील या पानावर त्यांनी धंदा उभारला. पान रुंद, लवचीक, पातळ, वळताना न फाटणारे आणि वाळवून महिनोन् महिने टिकणारे. रेल्वेने ते गोंदिया-भंडाऱ्यापासून सिन्नर, सोलापूर, निपाणीपर्यंत पोहोचले. पान पूर्वेचे, तंबाखू पश्चिमेचा आणि बोटे स्त्रियांची, असा हा उद्योग घडला.

१३/ तिकडे युरोपात वेष्टण कागदाचे होते. स्पेनमधील अल्कोय हे शहर या कागदाचे मोठे केंद्र. फ्रान्समध्ये लाक्र्वा घराण्याने तांदळाच्या नावाने कागद विकला आणि त्यातून 'रिझला' ही मुद्रा निघाली. 'री' म्हणजे फ्रेंच भाषेत तांदूळ, 'ला' आणि क्रॉसची खूण म्हणजे लाक्र्वा. कंपनीच्या स्वतःच्या इतिहासानुसार स्ट्रॉबेरीच्या चवीचा कागद तिने १९०६ सालीच काढला होता. म्हणजे आमच्या टपरीवरचे ते 'नवे' पाकीट शंभर वर्षांहून जुने आहे.

१४/ मग कागदाने पानाला महाराष्ट्रातून हुसकावले का नाही? पहिले कारण किंमत. दुसरे राजकारण. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत आणि पुढे असहकाराच्या काळात विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, आणि शिकलेल्या माणसाच्या खिशातही विडी आली. कागद परदेशी, पान स्वदेशी! गांधीजींचा तंबाखूलाच विरोध होता, हा भाग सोयीस्करपणे बाजूला राहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही देशातील ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे होते, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के.

१५/ पान आणि कागद यांची तुलना करायचीच, तर ती पुरी करावी. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो, त्यातून हवा आत शिरते आणि तो आपोआप जळत राहतो. टेंभुर्णीच्या पानातून हवा जात नाही. त्यामुळे विडी विझू नये म्हणून झुरके जोराने आणि वरचेवर घ्यावे लागतात. विडीत तंबाखू थोडा असतो, तरी तिच्या धुरात निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तुलनेत अधिक आढळते. 'पान नैसर्गिक, म्हणून बरे' हा समज प्रयोगशाळेत टिकत नाही. जळणारी कोणतीही वनस्पती धूरच देते.

१६/ चवीचा इतिहासही असाच. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी मिसळण्याची पद्धत जुनी. 'गुडाखू' या नावातच गूळ आहे. पण चव कोणासाठी घालतात, याचे स्पष्ट उत्तर १९९० च्या दशकात अमेरिकेत मिळाले. भारतातून तेथे स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, चॉकलेटच्या चवीच्या विड्या जात. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील शहरी मुलामुलींच्या एका पाहणीत सुमारे ४० टक्क्यांनी आपण विडी कधी ना कधी ओढल्याचे सांगितले. आजोबांच्या चंचीतली वस्तू बोस्टनच्या शाळकरी दप्तरात पोहोचली, ती फळाच्या वासावर बसून.

१७/ त्याच वर्षी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने एका भारतीय विडी उत्पादकाचा माल रोखला. कारण आरोग्याचे नव्हते. विड्या वेठबिगार बालकामगारांकडून वळून घेतल्या जातात, हे होते. एका टोकाला विडी ओढणारे मूल, दुसऱ्या टोकाला ती वळणारे मूल. दोघांच्या मध्ये स्ट्रॉबेरीचे चित्र. पुढे २००९ मध्ये अमेरिकेने पुदिन्याचा अपवाद ठेवून चवीच्या सिगारेटवर बंदी घातली. मुलांना ओढून आणणारी चव हाच त्या कायद्याचा रोख होता.

१८/ राहिली गाळणी. बोरिस ऐवाझ या हंगेरियन संशोधकाने १९२५ मध्ये सुरकुत्यांच्या कागदाच्या गाळणीचे पेटंट घेतले. बरीच वर्षे तिला फारसे कोणी विचारले नाही. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर व ग्रॅहम आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि एकाएकी फिल्टरला मागणी आली. १९५२ मध्ये 'केंट' या सिगारेटने आपली 'मायक्रोनाइट' गाळणी आरोग्यरक्षक म्हणून गाजवली. तिच्यात निळे ॲस्बेस्टॉस होते. ते स्वतःच कर्करोगाला कारण होते. १९५६ पर्यंत ती तशीच विकली गेली.

१९/ चिलमीचा खडा आठवा. तो 'मी राख अडवतो' एवढेच सांगत होता. फिल्टर 'मी मरण अडवतो' असे सांगू लागला. बहुतेक फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचे, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे असतात. डोळ्यांना तपकिरी झालेला फिल्टर दिसतो आणि मन म्हणते, घाण तिथेच राहिली. ओढणारा मग झुरका लांबवतो किंवा संख्या वाढवतो. हकिमाच्या नावावर खपलेल्या त्या कथेचे हे विसाव्या शतकातले रूप आहे. आजच्या पुठ्ठ्याच्या टिपा तर बहुधा नुसता आधार देतात, त्या काहीच गाळत नाहीत.

२०/ आता तो रस्ता. खंडाळ्यावरून जाणारा महामार्ग सातारा, कराड, कोल्हापूर ओलांडून निपाणीला पोहोचतो. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण बाजारपेठ मराठी बोलणारी आणि विडीच्या तंबाखूची. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी याच महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथे होते. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. विडीची किंमत ठरवताना या रक्ताचा हिशेब कोणत्या पाकिटावर छापला गेला?

२१/ त्याच निपाणीच्या वखारींत शेकडो स्त्रिया तंबाखू कुटत, चाळत, पाखडत. नाकातोंडात भुकटी, अंगाला उग्र वास. त्यांनी संघटना बांधली आणि मजुरीसाठी व सन्मानासाठी लढा दिला. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. आपण फिल्टरची चर्चा ओढणाऱ्याच्या अंगाने करतो. वखारीतल्या त्या बाईच्या नाकावर पदराखेरीज दुसरी गाळणी नव्हती.

२२/ विडी वळणारीचे कामही पाहा. पाने भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. असे हजार वेळा. बाजूला काढलेल्या 'वाईट' विड्यांची मजुरी बुडे. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने स्त्री विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरे ताब्यात मिळाली. या घरांनाही धूम्रपानाच्या इतिहासात जागा हवी.

२३/ म्हणूनच 'विडी बंद करा' एवढे म्हणून इतिहासकाराची सुटका नाही. त्या हातांना दुसरे काम काय, हा प्रश्न उरतो. याला चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने दिलेले उत्तर मोलाचे आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदू न तोडण्याचा निर्णय घेतला. तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि शेवटी त्यातून निघते ती विडी. त्यांनी बांबूच्या विक्रीवर आपला रोजगार उभा केला. उत्पन्नाचा हक्काचा स्रोत असा गरीब गावाने आपणहून सोडला, हे विसरू नये.

२४/ पुन्हा टपरीकडे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. कायद्याच्या परिशिष्टात सिगारेट, विडी, चिरूट, हुक्क्याचा तंबाखू, तपकीर, गुटखा अशी यादी आहे. गुंडाळायचा रिकामा कागद त्या यादीत नाही. त्यात तंबाखू नसतो ना! म्हणून त्यावर कर्करोगाचे चित्रही नाही, स्ट्रॉबेरीचे आहे. चारशे वर्षांत वेष्टणाने साधलेली ही सर्वांत मोठी चलाखी म्हणावी लागेल.

२५/ खंडाळा तालुक्यातच नायगाव आहे, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दर ३ जानेवारीला राज्यभरातून मुले-मुली तेथे येतात. परतीच्या वाटेवर याच महामार्गावरच्या टपऱ्यांवर पाणी, गोळ्या, चिक्की घेतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ती रंगीत माळ टांगलेली असते. मी टपरीवाल्याला विचारले, ही पाकिटे कोण घेते? तो म्हणाला, "म्हातारी माणसं नाही घेत, कॉलेजची पोरं घेतात." तोही घर चालवणाराच माणूस. माळ थोडी वर टांगा म्हटल्यावर त्याने ती उचलून आतल्या खिळ्याला लावली. पुढच्या खेपेला ती तेथेच असेल का, हे पाहायचे आहे.

२६/ आजोबांची चंची आमच्या घरी अजून आहे. चकमक आहे, चुन्याची डबी आहे. आपट्याची पाने केव्हाच चुरा होऊन गेली. त्यांनी विडी सोडली ती डॉक्टरने सांगितल्यावर, फार उशिरा. तेव्हा ते म्हणाले होते, "पान आपलं, तंबाखू आपली, म्हणून दुखणं काय परक्याचं होणार होतं?" गुंडाळी, चव आणि गाळणी यांची याहून नेमकी तुलना मला कोणत्याही दप्तरात सापडलेली नाही.

धागा समाप्त. तुमच्या भागात विडीला कोणते पान वापरत, छापीला काय म्हणत, विडी वळणाऱ्या घरांच्या आठवणी काय आहेत, ते खाली जरूर लिहा. वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिक आनंद होईल.